बिनतारी यंत्राची तिसरी तार

मुलांनो, तुमच्या घरात 'पुरे' म्हणणारं कोण आहे? आई? आजी? माणसांचं राहू द्या, मी यंत्रांबद्दल विचारते आहे. इस्त्री तापत जाते आणि मध्येच 'टक्' असा बारीक आवाज होऊन तिचा दिवा विझतो. फ्रीज थोडा वेळ गुरगुरतो आणि गप्प बसतो. गिझरचा लाल दिवा आपोआप जातो. कुणीही बटण बंद केलेलं नसतं. मग या यंत्रांना 'आता पुरे' असं सांगतं कोण?

सांगणाऱ्याचं नाव थर्मोस्टॅट. आपल्या मराठीत तापमान नियंत्रक. इस्त्रीतला थर्मोस्टॅट अगदी साधा असतो. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या असतात. समजा, एक पितळेची आणि एक लोखंडाची. तापल्यावर दोन्ही लांबतात, पण पितळ लोखंडापेक्षा जास्त लांबतं. दोघी तर चिकटलेल्या! मग जोडपट्टी करणार काय? ती लोखंडाच्या बाजूला वाकते. वाकली की विजेचा सांधा सुटतो आणि प्रवाह थांबतो. गार झाली की सरळ होते आणि सांधा पुन्हा जुळतो. 'टक्' आवाज येतो तो याचाच. ना मेंदू, ना डोळे. फक्त वाकायचं आणि सरळ व्हायचं, एवढ्यावर तिनं तुमचा शाळेचा शर्ट जळण्यापासून वाचवलेला असतो.

आमच्या कोल्हापूर भागातल्या मुलांना थर्मोस्टॅट लहानपणापासून माहीत असतो, फक्त तो माणूस असतो! गुऱ्हाळावर कधी गेला आहात का? मोठ्या काहिलीत उसाचा रस रटरटत असतो. काहिलीजवळ गुळव्या उभा असतो. खालच्या अंगाला, चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं घालणारा गडी बसलेला असतो. या गड्याला काहिलीतलं काही दिसत नाही आणि गुळव्याचा हात चुलवाणापर्यंत पोचत नाही. पाक दाट होत आला, की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी गोळी वळते का ते बघतो. त्या वेळी पाकाचं तापमान साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअस असतं, पण गुळव्याजवळ थर्मामीटर नसतो. त्याची बोटं हाच थर्मामीटर. गोळी जमली की तो हाळी देतो, "जाळ थांबीव रं!" हाळी आधी दिली तर गुळाचा रवा नीट धरत नाही, उशिरा दिली तर गूळ करपतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावलौकिकात या वेळेवर दिलेल्या हाळीचाही वाटा आहे, बरं का!

आता गुऱ्हाळातली तीन कामं वेगवेगळी करून बघा. एक जण ताप ओळखतो. दुसरा जाळ सांभाळतो. आणि दोघांच्या मधून निरोप जातो. ही तीन कामं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

यंत्रांच्या जगात ही जोडी जुळवणारा माणूस माझ्यासारखाच एक शिक्षक होता, हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. त्याचं नाव वॉरन जॉन्सन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाचं गाव आहे. तिथल्या शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात, म्हणजे आमच्या डी.एड. कॉलेजसारख्याच संस्थेत, तो शिकवत असे. तिकडे हिवाळ्यात पाणी गोठतं. वर्ग उबदार ठेवायला तळघरात भट्टी पेटवलेली असायची. पण वर्गात ऊब किती झाली हे तळघरात कसं कळणार? म्हणून शिपाई तास चालू असताना वर्गात यायचा, थर्मामीटर बघायचा आणि खाली जाऊन भट्टीची झडप कमी-जास्त करायचा. दर थोड्या वेळानं हेच! शिकवण्याचा धागा तुटायचा. जॉन्सननं मग असं उपकरण केलं, की वर्गातला ताप बदलला की तळघरात घंटा वाजे. १८८३ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. वर्गातलं उपकरण म्हणजे गुळव्या, घंटा म्हणजे हाळी. फक्त ही हाळी तारेतून जायची.

आणि तारेशिवाय? त्याचा एक आरंभ आपल्याच देशातला आहे. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी लोकांसमोर एक प्रयोग करून दाखवला. अदृश्य विद्युत लहरी भिंतीपलीकडे पाठवून त्यांनी तिकडची घंटा वाजवली. मध्ये तार नव्हती. जॉन्सनची घंटा तारेनं वाजली, त्यानंतर बाराच वर्षांत बोसांची घंटा बिनतारी वाजली. या दोन घंटा एकत्र केल्या की तयार होतो बिनतारी थर्मोस्टॅट. थंड देशांत घर उबदार ठेवण्यासाठी तो अनेक घरांत असतो.

तुम्ही म्हणाल, बाई, कोल्हापुरात कशाला हवी भट्टी? अगदी बरोबर. इथं थंडीतल्या पहाटेसुद्धा एक स्वेटर आणि एक कप चहा पुरतो. आपल्याला घर तापवायचं नसतं, आंघोळीचं पाणी तापवायचं असतं. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरी बिनतारी थर्मोस्टॅट बसला, तो गच्चीवरच्या सोलरच्या टाकीसाठी.

सोलर तुम्ही पाहिलाच असेल. काळपट काचेच्या नळ्या तिरप्या लावलेल्या असतात आणि त्यांच्या वरच्या टोकाला टाकी असते. प्रत्येक नळी दुहेरी काचेची असते, दोन काचांच्या मधली हवा काढून घेतलेली असते. त्यामुळे ऊन आत येतं, पण उष्णता सहज बाहेर पडत नाही, थर्मासमधल्या चहासारखी. नळीतलं पाणी तापलं की हलकं होऊन वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. पंप लागत नाही. मार्च-एप्रिलात आमच्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं.

मग मिरगाचा पाऊस येतो! कोल्हापूरचा पाऊस एकदा बसला की दिवस दिवस सूर्य दाखवत नाही. अशा वेळी टाकीतली विजेची कॉइल लावावी लागते. आमची कॉइल २००० वॉटची आहे. तिला स्वतःचा थर्मोस्टॅट आहे, पण तो टाकीच्या पोटात, ६० अंशांवर लावलेला. खाली बोर्डावर फक्त एक बटण. पाणी गार आहे, कोमट आहे की उकळतंय, हे खाली कुणालाच कळत नसे. मग आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे साडेपाचला बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर जायच्या आणि टाकीच्या नळाला हात लावून बघायच्या. "बस तू, मीच बघून येतो," असं त्या म्हणायच्या. (आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' म्हणतात, चुकून छापलेलं नाही!) आत्तींचं वय ६६. गुडघे दुखरे. जिना उघड्यावरचा, पावसात शेवाळलेला, हातात छत्री. जिन्यावरून त्यांची पावलं वाजू लागली की माझं पोळ्यांवरचं लक्ष उडायचं. पाणी तापलंय का एवढं कळण्यासाठी हाडं मोडून घेण्याची जोखीम कशाला?

टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत तापमापकाची तार ओढायची तर दोन मजले, दोन स्लॅब आणि भिंती फोडाव्या लागणार होत्या. म्हणून बिनतारी जोडी आणली. तिच्यात दोन डब्या असतात. पहिली गच्चीवर. तिच्यातून निघालेला छोटा तापमापक टाकीच्या नळीत बसतो. तो असतो थर्मिस्टरचा, म्हणजे ताप वाढला की त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि त्यावरून डबी अंश ओळखते. ही डबी पेन्सिल सेलवर चालते आणि ठरावीक वेळानं निरोप पाठवते, 'पाणी ३८', 'पाणी ४१'. दुसरी डबी खाली बोर्डाशेजारी. ती निरोप ऐकते, आकडा दाखवते आणि कॉइल चालू-बंद करते. म्हणजे गच्चीवर गुळव्या आणि खाली चुलवाणाचा गडी!

बसवायला आमचे नेहमीचे वायरमन काका आले. परवानाधारक आहेत, केस पांढरे झालेत. माहितीपत्रक वाचायचं काम माझ्याकडे आणि माझ्या पाचवीतल्या लेकीकडे होतं, विजेला हात लावायचं काम फक्त काकांकडे. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला. मग बोर्डावर कागद चिकटवला, 'काम चालू आहे. बटण लावू नये.' फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातला. तरीही टेस्टर लावून पाहिला आणि परत मीटर लावून पाहिला. लेकीनं विचारलं, "काका, बंद केलंय की! परत कशाला बघताय?" काका म्हणाले, "बंद केलंय, हे झालं माझं म्हणणं. विजेचं काय म्हणणं हाय ते इचारतोय."

पहिला अडथळा आला तो गणिताचा. डबीच्या आतल्या स्विचवर, म्हणजे रिलेवर, '१० अँपियर' लिहिलं होतं. आता सातवी-आठवीतल्या मुलांनो, वही घ्या. २००० वॉटला २३० व्होल्टनं भागा. उत्तर येतं जवळजवळ ८.७ अँपियर. १० पेक्षा कमी आहे, चालेल की! पण काका नाही म्हणाले. रोज तास-दीड तास काठोकाठ प्रवाह गेला, तर छोट्या रिलेचे सांधे तापून चिकटतात. सांधे चिकटले की 'पुरे' म्हणण्याची सोयच संपली. म्हणून त्यांनी मध्ये एक दणकट कॉन्टॅक्टर लावला. छोटा रिले फक्त कॉन्टॅक्टरला हुकूम देतो, कॉइलचं ओझं कॉन्टॅक्टर उचलतो. टाकीतला जुना थर्मोस्टॅटही त्यांनी काढला नाही. दोघे एकापुढे एक जोडलेले आहेत. दोघांनीही 'हो' म्हटलं तरच कॉइल तापते, एकानं 'नाही' म्हटलं की बंद.

दुसरा अडथळा निरोपाचा. गच्चीवरची डबी टाकीच्या मागे, पावसापासून आडोशाला लावली, तर खाली आकडाच दिसेना. लेकीनं डबी हातात धरून गच्चीभर फेऱ्या मारल्या आणि खालून मी ओरडत राहिले, "आला! गेला! आला!" कारण सोपं होतं. रेडिओ लहरी विटांच्या भिंतीतून बऱ्यापैकी जातात, पण पाण्यानं भरलेली धातूची टाकी त्यांना अडवते. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्याही थोडा त्रास देतात. शेवटी जिन्याच्या खोलीत, दाराच्या वर जागा सापडली. तुम्हीही करून बघा. सेलवरचा छोटा रेडिओ लावून पत्र्याच्या पेटीत ठेवा आणि झाकण हळूहळू लावा. आवाज कसा बदलतो ते ऐका.

आणि तिसरा अडथळा. खरं तर त्याच्यासाठीच हा सगळा लेख लिहिते आहे.

काका गच्चीवर कॉइलच्या जोडणीचं झाकण उघडत होते. घरातल्या वायरिंगला तीन तारा असतात. लाल तारेतून वीज येते, काळ्या तारेतून परत जाते. हिरवी तार अर्थिंगची, म्हणजे जमिनीत जाणारी. काकांनी झाकण काढलं आणि ते गप्प झाले. लाल जोडलेली, काळी जोडलेली आणि हिरवी तार गुंडाळून, टेप लावून मागे कोंबलेली! सोलर बसवून गेलेल्या कुणीतरी ती कधी जोडलीच नव्हती. इतकी वर्षं पाणी तर व्यवस्थित तापत होतं. काका म्हणाले, "पाणी तापतंय म्हंजे वायरिंग बरोबर हाय, असं न्हवं, बाई."

हिरव्या तारेचं हेच वैशिष्ट्य आहे. ती रोज काहीच करत नाही. ती नसली तरी पंखा फिरतो, फ्रीज गार होतो. तिचं काम एखाद्याच दिवशी असतं. कॉइलच्या धातूच्या नळीत आत तापणारी तार असते आणि दोघींच्या मध्ये वीज अडवणारी पांढरी पूड दाबून भरलेली असते. क्षारांचे थर साचून कधी ही नळी तडकते. मग वीज टाकीच्या पत्र्यात उतरते. हिरवी तार जोडलेली असेल, तर ती वीज सरळ जमिनीकडे धावते आणि तो जोराचा प्रवाह पाहून फ्यूज उडतो. हिरवी तार नसेल, तर वीज टाकीतच वाट बघत राहते. कुणाची? ओल्या पायांनी गच्चीवर येऊन नळाला हात लावणाऱ्याची. आत्ती रोज पहाटे तेच करत होत्या. हे लक्षात आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्ही त्यांना जिन्यावरून घसरण्यापासून वाचवायला निघालो होतो. त्याहून मोठा धोका जिना संपल्यावर होता.

त्या दिवशी बिनतारी काम तिथंच थांबलं आणि जमिनीतलं काम सुरू झालं. काकांनी मीटरनं घराचं जुनं अर्थिंग तपासलं. लाल आणि काळ्या तारेत २३० च्या आसपास आकडा आला. लाल आणि हिरवीतही जवळपास तेवढाच यायला हवा होता, पण तो कुठल्या कुठे भरकटत होता. म्हणून परसात नवा खड्डा खणला. त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. कोळसा आणि मीठ ओल धरून ठेवतात आणि ओल्या जमिनीतून वीज सहज जाते. म्हणून उन्हाळ्यात या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं असतं. हे काम आत्तींनी आनंदानं स्वतःकडे घेतलं.

त्याशिवाय बोर्डावर एक आरसीसीबी बसवला. नाव अवघड, काम सोपं. तो सावकारासारखा हिशेब ठेवतो. लाल तारेतून किती गेलं, काळीतून किती परत आलं? दोन्ही सारखं असलं पाहिजे. ३० मिलिअँपियर एवढा फरक पडला, की तो डोळ्याची पापणी लवते न लवते तोच वीज तोडतो. कारण न परतलेली वीज कुठून तरी गळते आहे, कदाचित माणसाच्या अंगातूनच! पुन्हा वही घ्या. कॉइल घेते ८.७ अँपियर, म्हणजे ८७०० मिलिअँपियर. त्यापुढे ३० म्हणजे २९० वा हिस्सा. नेहमीच्या एमसीबीला एवढी गळती कळतसुद्धा नाही, कारण तो तारांना जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवणारा तो हा दुसरा.

सगळं जोडून झाल्यावर आमच्या थर्मोस्टॅटला ५० अंश सांगितले. ६० का नाहीत? कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. मग ४० का नाहीत? कारण साठवलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे घातक जीवाणू वाढू शकतात. आणि ५० वर बंद झालेली कॉइल ४९ ला लगेच लागत नाही, ४५ ला लागते. नाहीतर दर मिनिटाला 'टक् टक्' होऊन सांधे झिजले असते. या यंत्रातला एक गुण मला फार आवडला. सेल संपले किंवा निरोप येईनासा झाला, तर खालची डबी कॉइल बंद करते. माहिती नसेल तर थांबायचं!

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा लेकीनं गणित मांडलं. टाकी १०० लिटरची. पाणी २६ अंशांवरून ५० वर न्यायचं, म्हणजे २४ अंश. १०० गुणिले २४ म्हणजे २४०० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे २.८ युनिट. २००० वॉटची कॉइल तासाला २ युनिट घेते, म्हणून जवळजवळ दीड तास. साडेपाचला आंघोळ हवी तर चारला सुरुवात. आम्ही तसंच लावून ठेवलं. आत्तींनी साडेपाचला डबीवर '५०' वाचलं, थोडा वेळ संशयानं बघितलं आणि नळाखाली हात धरून खात्री करून घेतली. खालच्या नळाखाली, हं! मग म्हणाल्या, "व्हय, खरं बोलतंय की ह्ये." गच्चीचा जिना आता पावसाळ्यात रिकामा असतो.

मुलांनो, आता तुमची पाळी. घरातला तीन पायांचा प्लग बघा, तो बोर्डातून काढलेला असतानाच, हं. त्याचा एक पाय इतर दोघांपेक्षा जाड आणि लांब असतो. हाच हिरव्या तारेचा पाय. लांब का? प्लग खोचताना तो सगळ्यांत आधी आत जावा आणि काढताना सगळ्यांत शेवटी बाहेर यावा म्हणून. राखणदारानं आधी यायचं आणि शेवटी जायचं! काही ठिकाणी हा पाय तोडून दोन भोकांच्या सॉकेटमध्ये प्लग बसवतात. तुमच्या घरी तसं दिसलं तर मोठ्यांना दाखवा. तुम्ही स्वतः बोर्ड उघडायचा नाही, तारेला हात लावायचा नाही आणि ओल्या हातानं बटण दाबायचं नाही.

आणि पालकांनो, आज मुलं तुम्हाला तीन प्रश्न विचारतील. आपल्या घरात आरसीसीबी आहे का? त्यावरचं 'टेस्ट' बटण शेवटचं कधी दाबून पाहिलं? गिझरची आणि सोलरची हिरवी तार खरंच जोडलेली आहे का? उत्तर 'माहीत नाही' असं असेल, तर रागावू नका. येत्या रविवारी वायरमनना बोलवा. आणि हो, पाऊस सुरू व्हायच्या आधी बोलवा.